पोटाचं ऑपरेशन, किडनीत खडा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोलीत चामोर्शीकडे कुणाला मुतखडा निघाला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बोअरचं पाणीच तसं आहे ना जी." पाणी जड आहे म्हणून खडा होतो, याला ठोस आधार नाही. मे महिन्यात ४५ अंशांत घाम गाळायचा आणि पाणी कमी प्यायचं, याने मात्र खडा होतो. हे झालं नेहमीच्या मुतखड्याचं. काही जणांच्या खड्याचं मूळ मात्र काही वर्षांपूर्वी झालेल्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये असतं. त्यांना मागचा आजार विचारला तर ते शुगर सांगतात, बीपी सांगतात. ऑपरेशन सांगत नाहीत. पोटाचा आणि किडनीचा काय संबंध, असं त्यांना वाटतं.

संबंध आहे, आणि तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागाशी आहे. टायफॉइडमध्ये आतड्याला छिद्र पडतं ते बहुतेक वेळा याच भागात. आतड्याचा क्षयरोगही इथेच, मोठं आतडं सुरू होतं त्या जोडापाशी, ठाण मांडतो. हर्नियात अडकून काळं पडलेलं आतडंही कापावं लागतं. जीव वाचवायला हे करावंच लागतं, त्यात सर्जनची चूक नसते. पण जेवणातलं तेल-तूप पचवायला लागणारे पित्ताचे क्षार परत शोषून घेण्याचं काम मुख्यतः हाच भाग करतो. साधारण मीटरभर किंवा त्याहून जास्त भाग गेला की क्षार कमी पडतात आणि चरबी न पचता पुढे सरकते.

आता ऑक्झलेटकडे येऊ. हा पदार्थ पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, चहा यांत असतो. एरवी जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच पकडतं आणि तो शौचावाटे निघून जातो. ऑपरेशननंतर मात्र न पचलेली चरबी कॅल्शियमला आधीच अडवते. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा साका बसतो. तो कॅल्शियमचा साबण असतो. अगदी तोच साबण इथे आतड्यात तयार होतो. ऑक्झलेट मोकळं राहतं आणि मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे शोषले न गेलेल्या पित्तक्षारांनी आतलं अस्तर पाझरतं झालेलं असतं. तिथून ऑक्झलेट रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि लघवीतल्या कॅल्शियमला चिकटून खडा होतो. दिवसभराच्या लघवीत ऑक्झलेट साधारण ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या आत असावं. या रुग्णांत ते दुपटीवरही जातं.

मग पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं की खडा होणार? नाही. अपेंडिक्स काढलं, गर्भाशय काढलं, नसबंदी झाली, यांत लहान आतड्याला हात लागलेला नसतो. उगाच धास्ती नको.

हाच धोका वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरही दिसला. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात लठ्ठ माणसांच्या लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. वजन उतरलं, पण पुढच्या दोन दशकांत मुतखडे, निकामी होणारी मूत्रपिंडं आणि यकृताचे त्रास इतके दिसले की ती सोडून द्यावी लागली. आता मुंबई-पुणे-नागपुरात होणारी पोटाची बायपास त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, तरी ऑक्झलेटचा धोका तिच्यातही उरतोच.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "खडा झाला ना, दूध-दही बंद करा." आतड्यात कॅल्शियम कमी पडलं की ऑक्झलेट आणखी मोकळं सुटतं. इटलीत १२० पुरुषांना पाच वर्षं दोन वेगळ्या आहारांवर ठेवून पाहिलं, त्याचा निकाल २००२ मध्ये आला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम पुरेसं, पण मीठ आणि मांस कमी घेणाऱ्या ६० जणांपैकी १२ जणांना. हे आतडं कापलेले रुग्ण नव्हते. आतडं कापलेल्यांना तर कॅल्शियमची गोळी औषध म्हणूनच देतात. फक्त ती जेवताना, घासाबरोबर घ्यायची. रात्री झोपताना घेतली तर पोटात पकडायला ऑक्झलेटच नसतं. किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, हे तर घरोघरी ऐकू येतं. टोमॅटोत ऑक्झलेट थोडंच असतं, बियांचा खड्याशी संबंध नाही. खरा हात आखडायचा तो पालक, चुका, घोळ, माठ आणि धोप्याच्या पानांवर. चामोर्शी तालुक्यातल्या बंगाली घरांत कचू आणि पुई शाक आवडीने होतं, तेही याच यादीत येतं. कधीतरी खायचंच तर भाजी उकळून पाणी फेकायचं आणि सोबत दही घ्यायचं. कोऱ्या चहापेक्षा दुधाचा बरा. तेल कमी हवं, हे तर वरच्या साबणावरूनच कळावं.

पोटावर पिशवी लावलेल्यांची गोष्ट वेगळी. लहान आतडं पिशवीत उघडत असेल तर अन्न मोठ्या आतड्यात जातच नाही, म्हणून ऑक्झलेटची भीती नसते. पण पाणी, मीठ आणि सोडा पिशवीतून वाहून जातो, लघवी थोडी आणि आम्लधर्मी होते, आणि युरिक ॲसिडचे खडे धरतात. त्यांना "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगणं अर्धवट आहे. नुसतं साधं पाणी ढोसलं की पिशवी आणखी भरते आणि शरीरातलं मीठ त्याबरोबर जातं. त्यांना ओआरएस लागतं. पुढे पिशवी बंद करून आतडं जोडलं की ऑक्झलेटचा धोका सुरू होऊ शकतो. काल बरोबर असलेला सल्ला तेव्हा बदलून घ्यावा लागतो.

खडा फोडला की काम झालं, असंही नाही. ऑक्झलेटचे कण मूत्रपिंडाच्या आतही साचतात, त्याला दुखणं नसतं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासल्यावरच कळतं.

म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. ऑपरेशन गडचिरोलीला झालेलं असो की नागपूरच्या मेडिकलला, कार्डावर 'रिसेक्शन' (आतडं कापून काढणं) हा शब्द आणि त्यापुढे सेंटीमीटरचा आकडा आहे का ते बघा, आणि सोनोग्राफीच्या फिल्मबरोबर ते कार्डही डॉक्टरांपुढे ठेवा. मग २४ तासांच्या लघवीची तपासणी सांगितली जाईल. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमवायची. कॅनमध्ये आधीच थोडं ॲसिड घातलेलं असू शकतं. ते ओतून कॅन धुऊ नका.