साखर किती?

“इतका खर्च करून अमेरिकेला गेलास, तो लोकांना घास भरवायला?” फोनवर आईने विचारले. तिचेही चुकले नव्हते. २०१२ च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या डोंगरांत गेलो, तो अपंगांच्या एका सुट्टीच्या शिबिरात ‘कौन्सेलर’ म्हणून. नाव भारदस्त, पण काम सोबत्याचे! सकाळी उठवायचे, अंघोळ घालायची, भरवायचे, तळ्यावर न्यायचे आणि रात्री शेकोटीभोवती बेसूर गाणी म्हणायची.

पहिला आठवडा शिकवणीचा होता. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावल्याखेरीज माणसाला उचलू नये, एक घास गिळून झाल्याखेरीज दुसरा देऊ नये, असे कितीतरी धडे. एक नियम मात्र पुन्हा पुन्हा सांगत : माणसाला किंवा त्याच्या खुर्चीला हात लावण्याआधी त्याला विचारा. मी तो वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतला आणि पहिल्याच सकाळी विसरलो.

माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ चाळिशीचे होते, म्हणजे माझ्या दुप्पट वयाचे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय आणि जीभ त्यांचे ऐकत नसत. न्याहारीला मी त्यांना ओटची लापशी भरवू लागलो. शेजारच्या सोबत्याशी माझ्या गप्पाही चालूच होत्या. तिसऱ्या घासाला त्यांनी तोंड फिरवले. “पोट भरलेलं दिसतंय,” असे मी त्यांच्या डोक्यावरून शेजाऱ्याला म्हणालो आणि वाडगा उचलला.

त्यांनी जोराने मान हलवली. त्यांची नजर खुर्चीला अडकवलेल्या अक्षरांच्या फळीवर होती. मी फळी समोर धरली. थरथरते बोट एकेका अक्षरावर येऊन टेकायला पाच मिनिटे लागली. शब्द जुळला, ‘शुगर’!

वाचकहो, मी लापशीत साखर घालायलाच विसरलो होतो. पण माझी मान खाली गेली ती साखरेमुळे नव्हे. त्या पाच मिनिटांत मला आमचे पुण्याचे घर दिसले.

घरी आमचे धाकटे काका आहेत. त्यांनाही हाच विकार. आजीने त्यांना तळहातावरच्या फोडासारखे जपले. पण सदरा कोणता, चहात साखर किती, हे सारे तीच ठरवी. ती गेल्यावर आई ठरवू लागली. पाहुणे आले की काकांची खुर्ची आतल्या खोलीत जाई. “उगीच त्यांना त्रास नको,” असे सगळे म्हणत. त्रास नक्की कोणाला, हे कोणी विचारले नाही. खुर्ची ढकलणारा बहुधा मीच असे.

शिबिरातल्या जुन्या मंडळींनी मला ‘कॅम्प जेनेड’ची गोष्ट सांगितली. याच डोंगरांत १९५१ ते १९७७ पर्यंत ते शिबिर चालले. तिथे अपंग मुले एकत्र बसून, आपल्याला काय हवे ते आपल्या तोंडाने सांगत. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसणारी ज्युडिथ ह्यूमन तिथलीच. १९७७ च्या एप्रिलात ती आणि शंभरावर अपंग माणसे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. १९७३ च्या कायद्याचे अडलेले नियम सरकारला अखेर मंजूर करावे लागले. जेनेडचे आणखीही सोबती त्यांत होते. ज्यांना कोणीतरी आधी ‘काय हवे’ असे विचारले होते, तीच ही माणसे!

घरी परतल्यावर मी विचारले, “काका, तुम्हांला काय हवंय?”

काका कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग अडखळत म्हणाले, “पाहुणे आले... की दार... मी उघडीन.”

कडी त्यांच्या हाताला पोचत नव्हती. सुताराला बोलावून ती खाली आणली. काम अर्ध्या तासाचे. आम्हांला सुचायला चाळीस वर्षे लागली.

पाडव्याला पहिली घंटा वाजली. काकांनी खुर्ची दाराशी नेली. कडीशी त्यांची दोन मिनिटे झटापट चालली. आई स्वयंपाकघरातून दोनदा धावत आली आणि दोन्ही वेळा, नवल म्हणजे, स्वतःच थबकली. दार उघडले. बाहेर थांबलेल्या पाहुण्यांचे काही बिघडले नव्हते.

फराळाबरोबर चहा आला. आईने चमचा हातात घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, “भावजी, साखर किती?”

“तीन,” काका म्हणाले.

इतकी वर्षे ती एकच घालीत होती.