‘फ्लेमिंगो व्ह्यू’चे किती एक्स्ट्रा?

सीवूड्सला फ्लॅट बघायला गेलो होतो, मी आणि नवरा. सेल्स ऑफिसमधल्या मुलीने ब्रोशर पुढे सरकवलं. कव्हरवर गुलाबी फ्लेमिंगोंचा थवा आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘लेक अँड फ्लेमिंगो व्ह्यू’. व्ह्यूसाठी चौरस फुटामागे जास्त पैसे, अर्थातच! नवरा लगेच म्हणाला, ‘‘सकाळी चहा आणि समोर फ्लेमिंगो, अजून काय पाहिजे?’’ खोटं कशाला बोलू, मी पण विरघळले.

पुढच्या रविवारी म्हटलं, शेजाऱ्यांना भेटून तरी येऊ. तळ्याकाठी दुर्बीणवाले एक काका उभे होते. तळ्यात मात्र चार बगळे, बाकी सामसूम.

‘‘भरतीची वेळ बघून आलात का?’’ काकांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

‘‘मग येऊन काय उपयोग?’’

मग काकांनी आमची शाळा घेतली. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, ठाणे खाडीत येतो तो चिखलासाठी. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि त्यातलं शेवाळ, बारीकसारीक जीव हे त्याचं जेवण. त्याचा तो फेमस गुलाबी रंगसुद्धा या जेवणातूनच येतो. पण भरती आली की सगळा चिखल पाण्याखाली. उभं राहायलाही जागा नाही! मग थवेच्या थवे उडतात आणि उथळ पाण्याच्या तळ्यांवर येऊन थांबतात. ओहोटी लागली की परत खाडीत. आपल्यासारखंच अप-डाऊन, फक्त टाइमटेबल चंद्राच्या हातात.

गोची इथेच आहे. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. छानच झालं. पण भरतीच्या वेळची ही तळी, नेरूळ-सीवूड्सची, भांडुपची, उरणकडची पाणजे-भेंडखळची, अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. थोडक्यात, ऑफिसला कडक सिक्युरिटी आणि घर रामभरोसे! बीएनएचएसचे अभ्यासक म्हणूनच सांगत आलेत की खाडी आणि तळी यांचं प्लॅनिंग एकत्रच करा, एक गेलं तर दुसऱ्याला अर्थ नाही.

आणि तळं वाचवायचं म्हणजे नुसतं कुंपण घालून भागत नाही बरं का. मला हे अजिबात माहीत नव्हतं. खाडीचं पाणी भरतीला आत यायला आणि ओहोटीला बाहेर जायला वाट हवी. रस्ता बांधताना एखादा पाइप बुजला की खेळ खल्लास. पाणी आत आलंच नाही तर तळं सुकतं, आत अडकून राहिलं तर कुजतं आणि फार चढलं तर पक्ष्यांचे पाय टेकत नाहीत. नेरूळच्या डीपीएस तळ्याचं हेच झालं. भरतीचं पाणी येणं बंद पडलं, तळं कोरडं पडलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्या परिसरात फ्लेमिंगो मरून पडलेले सापडले. पुढच्याच महिन्यात, २० मेच्या रात्री, घाटकोपरवर विमानाला धडकून तिसाहून जास्त फ्लेमिंगो गेले. म्हणजे जमिनीबरोबर त्यांचे आकाशातले रस्तेही नकाशात धरायला हवेत, विजेच्या तारा आणि रात्रीचे झगझगीत दिवे सोडूनच द्या. (शहरात चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे मात्र झक्कास उभे आहेत. त्यांना पाणी लागत नाही.)

एक बरी बातमी: एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. नागरिकांनी पत्रं लिहून, तळ्याकाठी उभं राहून ते मिळवलं.

गप्पांत तास कसा गेला कळलंच नाही. पाणी हळूहळू चढत होतं. ‘‘आता बघा,’’ काका म्हणाले. खाडीच्या बाजूने आधी एक रेघ दिसली, मग रेघेचे पक्षी झाले, काळ्या किनारीचे गुलाबी पंख. एकामागून एक उतरले आणि चक्क एका पायावर झोपले. नवऱ्याने मोबाइल काढलाच नाही, हे विशेष.

सोमवारी त्या सेल्सवाल्या मुलीला फोन केला. विचारलं, तळ्यात भरतीचं पाणी कुठून येतं? आणि समजा तळं सुकलं, तर व्ह्यूचे एक्स्ट्रा पैसे परत मिळणार का?

‘‘मॅम, सरांना विचारून कळवते,’’ ती म्हणाली.

तीन आठवडे झालेत. सर बिझी असावेत.