व्हिडिओ ठेवायचा कुठे?

व्हिडिओसाठी संकेतस्थळ निवडताना आपण मर्यादांचे आकडे पाहतो. खरं तर त्या स्थळाचा खर्च कोण भागवतो हे आधी पाहायला हवं, कारण सोयीसवलती बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरतात. 2005मध्ये सुरू झालेलं यूट्यूब मुख्यतः जाहिरातींवर चालतं. म्हणूनच पडताळणी केलेल्या खात्यावरून 12 तासांपर्यंतचा व्हिडिओही फुकट चढवता येतो. मात्र त्याच लिंकवर नंतर सुधारित फाइल ठेवता येत नाही. व्हिमिओचा भर वर्गणीवर आहे. तिथे सशुल्क योजनेत लिंक न बदलता फाइल बदलता येते, पासवर्डही लावता येतो. व्याख्यानाच्या नामपट्टीत वक्त्याचं आडनाव चुकलं, तर हा फरक लगेच जाणवतो. देणग्यांचा आधार असलेलं, ना-नफा तत्त्वावरचं इंटरनेट अर्काइव्ह मूळ फाइलच डाउनलोड करू देतं.

यावर कोणी म्हणेल, प्रेक्षक यूट्यूबवर आहेत, मग बाकीच्यांचा विचार कशाला? मुद्दा रास्त आहे. शोध आणि शिफारशींमुळे नवा प्रेक्षक तिथे सहज भेटतो. पण प्रेक्षक मिळणं वेगळं आणि व्हिडिओ टिकणं वेगळं. गूगल व्हिडिओ ही सेवा तर खुद्द गूगलची. तरी 2009मध्ये तिथे नवे व्हिडिओ घेणं थांबलं आणि 2012मध्ये ती बंद झाली. पीअरट्यूब हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून स्वतःचं स्थळ उभारता येतं, पण सर्व्हरचा खर्च आणि देखभाल आपल्याच गळ्यात पडते. तेव्हा ग्रंथालयांनी, नाट्यसंस्थांनी प्रसारासाठी यूट्यूब जरूर वापरावं. मूळ फाइल मात्र स्वतःच्या हार्ड डिस्कवर आणि हक्कांची अडचण नसेल तर अर्काइव्हवरही ठेवावी.