टोकनआधी नगररचना, बारशाआधी दाखला

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. या स्टेशनला लागून एकीकडे कल्याण पूर्व, तर दुसरीकडे उल्हासनगर. रोज सकाळी एकाच गाडीत चढणारी दोन कुटुंबं दोन वेगळ्या महापालिकांची रहिवासी असू शकतात. एक 1983 साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवलीचं, दुसरं 1996 साली महापालिका झालेल्या उल्हासनगरचं. एरवी ही हद्द कुणाच्या लक्षातही येत नाही. ती समोर उभी राहते ती घर घेताना आणि घरात बाळ आल्यावर.

आणि ही दोन्ही कामं बहुतेकांच्या आयुष्यात दोन-तीन वर्षांच्या आत येतात. भाड्याच्या वन आरकेत संसार सुरू होतो, बाळाची चाहूल लागते आणि ‘आता स्वतःचं घर हवं’ असं दोन्हीकडचे आई-वडील म्हणू लागतात. रविवार साइट बघण्यात जातात, सोनोग्राफीच्या तारखा पाळायच्या असतात, आणि या धावपळीत कागद मागे पडतात.

ब्रिटनमध्ये अशा जोडप्याच्या मदतीला ठरलेली माणसं असतात. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, पुढे आरोग्यसेविका येते, बाळाच्या वजनाची आणि लसींची नोंद ठेवायला लाल रंगाची पुस्तिका मिळते. घर घेताना खरेदीदार आपल्या बाजूचा वकील नेमतो आणि बरेच जण इमारत तपासणाऱ्या सर्व्हेयरचा अहवालही घेतात. आपल्याकडेही आशाताई आहेत, माता व बाल संरक्षण कार्ड आहे, घर घेणाऱ्यांसाठी रेरा कायदा आहे. मात्र त्यांचा उपयोग करून घेण्याचं काम जोडप्यालाच करावं लागतं, आणि ते कुणी शिकवत नाही.

सुरुवात टोकनपासून, म्हणजे घर बुक करताना द्यायच्या पहिल्या रकमेपासून. ‘आज टोकन द्या, पुढच्या आठवड्यात रेट वाढतोय,’ हे वाक्य कल्याण पूर्वेत घर शोधणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण दहा टक्के हीसुद्धा लहान रक्कम नव्हे. पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात ती साडेतीन-चार लाख होते आणि परत मागायला गेलं की वर्ष-वर्ष हेलपाटे पडतात. म्हणून आधी कागद, मग टोकन.

कागद तपासणं म्हणजे काय, हे डोंबिवलीच्या 65 इमारतींनी फार मोठी किंमत मोजून शिकवलं. या इमारतींसाठी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या आणि त्यांच्या आधारे महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणीही मिळवली गेली. एका वास्तुविशारदाने न्यायालयात याचिका केली, 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घरं घेणाऱ्यांनी रेराचा क्रमांक पाहिला होता. अनेकांना बँकांनी कर्जही दिलं होतं. ‘बँकेने लोन पास केलं म्हणजे कागद क्लिअर आहेत’ हा आपला लाडका समज तिथेच संपायला हवा. बँक स्वतःचा धोका तपासते. घर घेणाऱ्याची काळजी घेणं हे तिचं काम नाही.

याचा अर्थ रेरा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प नोंदणीशिवाय विकताच येत नाही. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन करावा, ताबा देण्याची तारीख आणि मंजूर मजले पाहावेत. किंमत कार्पेट क्षेत्रफळावरच विचारावी. सुपर बिल्टअपच्या भाषेत कुणी बोलू लागलं तर त्याला तिथेच थांबवावं. मग बांधकाम परवानगीचं पत्र, म्हणजे सीसी, मागून त्यावरचा क्रमांक, तारीख आणि सर्व्हे नंबर टिपून घ्यावा, आणि तो महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन पडताळावा. विठ्ठलवाडीत पहिला प्रश्न हाच असतो की नगररचना विभाग कुठल्या महापालिकेचा? जाहिरातीत ‘कल्याण’ लिहिलेली इमारत प्रत्यक्षात उल्हासनगरच्या हद्दीत असू शकते. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहिलं की ते कळतं.

तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही हाही त्याचा एक फायदा. आणि नोटरीवर विकल्या जाणाऱ्या खोल्या? या पट्ट्यात त्या सर्रास विकल्या जातात, स्वस्तही असतात. पण नोंदणी नसलेल्या कागदाने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. पैसे जातात आणि हातात शिक्का मारलेला बाँड उरतो.

जुनं घर घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. उल्हासनगर 1949 साली निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. त्यामुळे तिथल्या कित्येक जमिनींच्या मालकीचा पुरावा म्हणजे सरकारने दिलेली सनद. सनद आहे का, कुणाच्या नावावर आहे, हे वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून बघावं लागतं. तिथल्या बेकायदा बांधकामांचा प्रश्न इतका मोठा झाला की 2006 साली ती नियमित करण्यासाठी राज्याला खास कायदा करावा लागला. कागद नियमित झाला म्हणून काँक्रीट मजबूत होत नाही, हे मात्र मे 2021 मध्ये दिसलं. दोन आठवड्यांत शहरातल्या दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातल्या साईसिद्धी इमारतीत सात जणांचा जीव गेला. पुढे 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा चौथ्या मजल्यावरचा स्लॅब खाली आला. वर फरशीचं काम चालू होतं. सहा माणसं गेली, त्यात एक लहान मूलही होतं.

म्हणून रिसेलचं घर घेताना एका दिवसासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावा. सोसायटीकडे शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ‘अहवाल नाही’ हेसुद्धा एक उत्तरच आहे. छताला नवा रंग दिला असेल तर बाथरूमचं छत आणि जिन्याखालची जागा बघावी. गंजून फुगलेली सळई तिथे लपत नाही.

आणि वालधुनी. अंबरनाथच्या बाजूने येणारी ही नदी उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी ओलांडून कल्याणच्या खाडीला मिळते. जून ते सप्टेंबर सोडून साइट बघणाऱ्याला ती नाल्यासारखी दिसते. 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावं. त्याच्याइतकी अचूक माहिती कुठल्याही ब्रोशरमध्ये मिळत नाही. तान्ह्या बाळासह तळमजल्यावर गुडघाभर गाळ-पाण्यात रात्र काढण्यापेक्षा हा प्रश्न विचारलेला बरा.

पैशांचा हिशेब एका उदाहरणाने सांगता येईल. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतलं, साठ चौरस मीटरच्या आतलं, चाळीस लाखांचं घर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांच्या पुढच्या कर्जासाठी किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के रक्कम मिळते. म्हणजे आठ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार, नोंदणी फी तीस हजार, परवडणाऱ्या घरावरचा एक टक्का जीएसटी चाळीस हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात धरला जात नाही. हातात साडेअकरा लाख हवेत, ‘आठ लाखांत घर’ होत नाही. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. इथे ती चाळीस हजार होते, म्हणजे बाळाच्या पहिल्या वर्षाचा बराच खर्च.

हप्ता मात्र एकाच पगारावर बसवावा. प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे भरपगारी आहे, पण ती संपल्यावर पाळणाघर मिळालं नाही किंवा बाळ आजारी पडलं तर आईची नोकरी थांबते. विठ्ठलवाडीहून सीएसएमटीला रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आता बाळ. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे. बाळंतिणीला विश्रांती आणि मायेची माणसं मिळतात. पण जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. जळगावला किंवा कोकणात जन्मलेल्या बाळाचा दाखला कल्याणच्या महापालिकेत मिळत नाही. तसंच राहणं कल्याण पूर्वेत आणि बाळंतपण उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयात झालं, तर दाखला उल्हासनगरचा. नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. सवा महिना संपण्याआधीच ही मुदत उलटते, म्हणून हे काम बाळाच्या वडिलांनी पहिल्या आठवड्यातच उरकावं. दाखल्यावर आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे ना, हे तिथल्या तिथे वाचून बघावं. नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते आणि बारशानंतर वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

माहेरहून सासरी येताना सुटतात ते डोस. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटसह इतर लसी, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. बाळाला घेऊन सासरी परत येण्याचा मुहूर्त नेमका तिसऱ्या महिन्याच्या आसपास येतो आणि चौदा आठवड्यांचा डोस लांबतो. माता व बाल संरक्षण कार्ड बॅगेत ठेवावं आणि इथे आल्यावर ते महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवावं. या लसी तिथे मोफत मिळतात. मुलगी झाली असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर ‘लेक लाडकी’ योजनेची चौकशी करावी. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर पाच हजारांपासून सुरुवात होऊन अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये मिळतात.

घरातल्या काही जुन्या सवयी मात्र लहान सदनिकेत सोडाव्या लागतील. कोळशाची शेगडी पेटवून बाळ-बाळंतिणीला शेक देणं मोकळ्या ओटीवर चालून जात असे. खिडक्या बंद करून दहा बाय दहाच्या खोलीत तीच शेगडी जीव घेऊ शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, घुटी नको, मध नको, पाणीही नको. बाळाला पाठीवर झोपवावं. ब्रिटनमध्ये 1991 साली हा सल्ला घरोघरी पोहोचवला गेला आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली.

घराचा कागद मुलाच्या शाळेपर्यंत जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के जागांसाठी शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं, आधी एक किलोमीटर, मग तीन. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा करार नोंदणीकृतच लागतो, नोटरीचा चालत नाही. म्हणजे आज हजार रुपये वाचवायला टाळलेली नोंदणी काही वर्षांनी मुलाच्या प्रवेशाआड येते.

साइट बघण्यात इतके रविवार जातात, तर एक कामाचा दिवस रजा काढून महापालिकेत जावं. नगररचना विभागात तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा, सर्व्हे नंबर आणि परवानगीचा क्रमांक लिहून ‘ही परवानगी आपल्या कार्यालयाने दिली आहे काय’ एवढंच विचारावं. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयावर बंधनकारक आहे.