फुटक्या फरश्यांची सुरखी
गुजरातेतील मोरबी येथे सिरॅमिक फरश्यांचे शेकडो कारखाने आहेत. तेथील फुटका माल कुजत नाही. मात्र सिमेंटइतका बारीक दळल्यास तो सिमेंटचा काही भाग वाचवू शकतो. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना, सिमेंट भिजताना सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून बंधक द्रव्य बनवितात. चुन्यात विटांची सुरखी मिसळणाऱ्या जुन्या गवंड्यांना हा गुण अनुभवाने ठाऊक होताच. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते. येथे भाजणीचा खर्च आधीच झालेला असतो. प्रयोगांत साधारणतः १० ते २० टक्के सिमेंटऐवजी ही भुकटी वापरली जाते. बळकटी सावकाश येत असल्याने पाणी मारण्यात कसूर चालत नाही. शाळेच्या छतासाठी मात्र ग्रामपंचायतीने ती अंदाजाने मिसळू नये. काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी प्रयोगशाळेत होईतो ती पायवाटेच्या फरसबंदीपुरतीच बरी.