रविवार लढून मिळाला, सोमवाराचे काय?

मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस तरी विश्रांती मिळावी म्हणून सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिला आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1946 मध्ये, कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारा कायदा झाला. मोकळा वेळ आपल्याला कुणी दान दिलेला नाही. पण नोकरी संपते आणि सातही दिवस मोकळे होतात, तेव्हा त्यांचे काय करायचे हे कुणी शिकवलेले नसते.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यातली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी महापालिकेत राबले. 58 किंवा 60 वर्षे भरली की काही जण आंबवड्यासारख्या आपल्या गावी परततात, काही पुण्याच्या वस्तीतच राहतात. पहिले पंधरा दिवस पाहुण्यासारखे बरे जातात. मग एखादा सोमवार येतो. मुले शाळेत, तरुण शिरवळच्या कंपनीत, बाया भाताच्या खाचरात. घरात उरतो तो एकटा माणूस आणि भिंतीवरचे घड्याळ. रविवारी सगळे घरी असतात म्हणून हे कळत नाही. कळते ते सोमवार ते शनिवार.

वॉर्डात काम करताना मी हे जवळून पाहिले. ड्युटी हेच शरीराचे घड्याळ असते. डबा भरला की बीपीची गोळी घ्यायची, ही अनेकांची सवय. डबा बंद झाला की गोळीही विसरते. बस स्टॉपपर्यंतचे चालणे थांबते. दुपारी दोन-तीन तास झोप होते, मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. झोप यावी म्हणून कुणी ‘थोडीशी’ घेतो. हातात फंडाचा पैसा असतो, सोबत करणारेही जमतात.

मनाचेही तसेच. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांवर मोकळा वेळ येऊन कोसळला. पुष्कळांना पुन्हा गिरणीत जाता आलेच नाही. निवृत्तीत पोटाची तेवढी आग नसते, पण ‘मी आता कोण?’ हा प्रश्न तोच असतो. आपल्या समाजात तो जास्त बोचतो. गावकीची कामे टाकून आपल्या माणसांनी नोकरी धरली. त्या नोकरीने पगार दिला, गणवेश दिला, ओळखपत्र दिले. ते ओळखपत्र जमा केले की आपली किंमतही जमा झाली, असे वाटू लागते. तसे नाही, हे घरच्यांनी बोलून दाखवले पाहिजे.

बायांचे दुखणे उलटे आहे. धुणीभांडी, झाडकाम किंवा आयाचे काम सुटले तरी त्यांना मोकळा वेळ मिळत नाही. नातवंडे, पाणी, स्वयंपाक हे सगळे आता ‘तू घरीच आहेस ना’ म्हणून त्यांच्याच माथी येते. त्यात घरी बसलेल्या नवऱ्याचा पाचवा चहा. भाऊंनो, निवृत्तीनंतर पहिले काम घरातच आहे. पाणी भरा, भाजी निवडा, नातवाला शाळेत सोडा. आईच्या, बायकोच्या आठवड्यातही एक सुट्टी असू द्या.

आता करायचे काय? नोकरीत उठत होता त्याच वेळी उठा. गोळी सकाळच्या दात घासण्याशी किंवा चहाशी बांधून टाका. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चाला. पावसाळ्यात बाहेर पडता येत नसेल तर विहाराच्या पडवीत फेऱ्या मारा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. महिन्यातून एकदा बीपी मोजून घ्या. तिशीपुढच्या सर्वांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. एसटीत 75 वर्षांपुढे तिकीट लागत नाही, 65 ते 75 वयाला आणि सर्व वयाच्या बायांना अर्धे लागते. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षे असलेल्या निवृत्त कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. हे पुष्कळांना माहीत नसते.

रोज खूप पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली आणि हात थरथरू लागले, भास होऊ लागले, झटका आला, तर ती तातडीची वेळ आहे. लगेच दवाखान्यात न्या. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने. दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशात मन नाही, जगून काय उपयोग असे बोलणे येते, तर ‘म्हातारपण आहे’ म्हणून सोडू नका. 14416 या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे असे एक काम, जिथे कुणीतरी आपली वाट पाहील. मंगळवारी चौथीच्या मुलांचे पाढे घ्या. गुरुवारी एखाद्या विधवा भगिनीचे पेन्शनचे कागद घेऊन तिच्यासोबत तहसीलला जा. चाळीस वर्षे साहेबांची कार्यालये पाहिलेल्या माणसाला कुठल्या खिडकीवर काय विचारायचे हे माहीत असते. ते ज्ञान वस्तीला हवे आहे.

बरीच विहारे रविवारी आणि पौर्णिमेला उघडतात, एरवी कुलूप असते. विहार समितीने किल्ली एका निवृत्त माणसाकडे आणि एका निवृत्त बाईकडे द्यावी. सोमवारी सकाळी दहा वाजता दार उघडावे, वर्तमानपत्र ठेवावे, बीपी मोजायचे यंत्र ठेवावे. येत्या सोमवारपासून सुरुवात करा. जय भीम.