टेनिसचा सामना आणि भाकिताचा बाजार

अमेरिकेंत अलीकडे टेनिसच्या मोठ्या सामन्याबरोबर एक बाजारहि भरतो. तेथें धान्य किंवा कापूस विकला जात नाहीं. विकलें जातें तें भाकीत. 'कालशी' व 'पॉलिमार्केट' हीं अशा बाजारांपैकीं प्रसिद्ध नांवें होत. व्यवहार साधा असतो. "अमुक खेळाडू जिंकेल" असें एक वचनपत्र आहे, असें समजा. तो जिंकल्यास पत्र बाळगणारास एक डॉलर, म्हणजे शंभर सेंट, मिळतात; हरल्यास पत्राचें मोल शून्य. मग सामना संपण्यापूर्वीं त्याची किंमत काय असावी? ती कोणी अधिकारी ठरवीत नाहीं. घेणारे व विकणारे यांच्या चढाओढींतून ती ठरते. पत्र ६० सेंटांस विकलें जात असेल, तर त्या खेळाडूच्या जयाचा संभव शंभरांत ६० आहे, असें बाजाराचें एकंदर मत झालें.

टेनिसमध्यें बरोबरी होत नाहीं. म्हणून प्रतिस्पर्ध्याचें पत्र ४० सेंटांच्या आसपास असावयास पाहिजे. समजा, दोन्ही पत्रें मिळून ९७ सेंटांस मिळूं लागलीं. चतुर मनुष्य दोन्ही घेईल, आणि कोणीहि जिंको, त्यास शंभर मिळतील. असे चतुर लोक पुष्कळ असल्यामुळें ही फट फार वेळ टिकत नाहीं.

सामना चालू असतां ही किंमत प्रत्येक गुणागणिक हालते. ती कशी, हें पाहण्यास २०१९ सालचा विम्बल्डनचा अंतिम सामना घेऊं. पांचव्या सेटमध्यें रॉजर फेडरर ८-७ नें पुढें होता, सर्व्हिस त्याची होती, आणि गुण ४०-१५. आतां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाटी घ्यावी. सर्व्हिस करणारा तीन गुणांपैकीं दोन जिंकतो, असें धरूं. नोव्हाक जोकोविचला लागोपाठ दोन गुण मिळण्याचा संभव नवांत एक. तेवढ्यानें फक्त ड्यूस होतो; तेथून तो गेम घेण्याचा संभव पांचांत एक. गुणाकार केला कीं ४५ त एक. एवढें करूनहि ८-८ अशी बरोबरीच; पुढचा संभव निम्मा धरल्यास ९० त एक! म्हणजे ह्या हिशोबानें फेडररच्या पत्राची रास्त किंमत सुमारें ९९ सेंट येते.

जिंकला मात्र जोकोविच. सबंध सामन्यांत फेडररनें २१८ गुण मिळविले व जोकोविचनें २०४, तरीहि.

मग तो हिशोब खोटा होता काय? मुळींच नाहीं. नव्वदांत एकदां घडणारी गोष्ट त्या दिवशीं घडली. एका सामन्यावरून किंमत बरोबर कीं चूक, हें कळत नाहीं. ६० सेंट किंमत असलेले शेंकडों सामने पाहून त्यांत शंभरीं ६० जिंकले काय, हें मोजावें लागतें. १९८८ सालीं आयोवा विद्यापीठांतील अध्यापकांनीं निवडणुकीच्या भाकितांसाठीं असा बाजार उघडला, तो अशाच अभ्यासाकरितां.

पालकांनीं मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कोर्टाशेजारीं बसलेला मनुष्य चेंडू बाहेर गेलेला तत्क्षणीं पाहतो. घरच्या मोबाईलवर तेंच चित्र कांहीं सेकंद उशिरां येतें. तेवढ्या वेळांत किंमत बदलून जाते. मुलगा जें पत्र स्वस्त म्हणून घेतो, तें विकणारास गुणाचा निकाल आधींच ठाऊक असूं शकतो. शिवाय येथें एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानि. त्यांतून दलाली कापली गेली कीं सर्वांच्या हातीं मिळून कमीच उरतें. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशोब करणाऱ्या शुभवर्तमानांतील मनुष्यास हा आंकडा रुचला नसता. आपल्या देशांत तर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई करणारा कायदा केला आहे.

विद्यार्थ्यांस हाच प्रयोग फुकट करतां येईल. सामन्यापूर्वीं वहींत आपला अंदाज शंभरांपैकीं किती, तो लिहावा. निकाल शेजारीं मांडावा. आणि वर्षाखेर ज्या ज्या खेळाडूंस आपण ७० दिले होते, त्यांपैकीं खरोखर किती जिंकले, तें मोजावें.